भाकरी उलटेपर्यंत

गणराजचा दम वर्षाली भाकरीवर मोजायची. हसा खुशाल, पण त्या घरात घड्याळापेक्षा भाकरीला जास्त किंमत होती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. ती ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापत होती आणि हा स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला पाठ लावून बसला होता. नवी बायको आहे, चार शब्द बोलावेत, तर ह्या बहाद्दराला एक शब्द सुचेना. शेवटी म्हणाला, "तू भाकरी टाक. मी डोळे मिटून कबड्डी कबड्डी म्हणतो. उलटलीस की सांग. तोवर मधे श्वास घेतला, तर गणराज नाव लावणार नाही."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. पाणी सुकत आलं तशी उलटली आणि म्हणाली, "उलटली." ह्याचं आपलं चालूच. दुसरी बाजू शेकली, भाकरी जाळावर टम्म फुगली, तरी ह्याचं कबड्डी कबड्डी थांबेना. शेवटी बाहेरच्या खोलीतून सुभद्राबाई, म्हणजे त्याची आई, ओरडली, "गण्या, आरं मुडद्या, पोरीला जेवू दे की!" तेव्हा कुठं त्यानं श्वास घेतला. वर्षाली तोंडावर हात ठेवून एवढी हसली, की नाकाला पीठ लागलं.

तेव्हापासून तो घरी असला की रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. भाकरी ती करायची माहेरच्या, मंचरच्या पद्धतीची. जाड, तव्याच्या काठाला काठ भिडवणारी. आणि भाकरी उलटायची वेळ साधणं हे काही सोपं काम नाही, करणारीला विचारा. लवकर उलटली तर ओलं पीठ तव्याला चिकटतं. उशीर झाला तर वरून तडे जातात आणि मग काही केल्या ती फुगत नाही. बाकीच्या बायका पाण्याकडं बघून उलटतात. वर्षाली त्याच्या आवाजावर उलटायची. तो फौजेच्या युनिटवर गेलेला असला, तरी तिच्या मनातल्या मनात त्याचं कबड्डी कबड्डी चालायचं आणि भाकरी बरोबर फुगायची.

गणराज फौजेत होता, खेळाडूंच्या भरतीतून गेलेला. पुण्याजवळ दिघीत कबड्डी मंडळाच्या मैदानावर दत्तोबा तात्यांनी त्याला घडवला, फौजेनं उचलला, आणि फौजेच्या संघातून खेळता खेळता तो टीव्हीवर दिसणाऱ्या कबड्डीच्या मोठ्या लीगमध्ये पोचला. पहिला हंगाम बराचसा बाकावर बसून गेला. मग संघाच्या मुख्य चढाईपटूचा गुडघा गेला, ह्याला उतरवलं, आणि काय उतरला राव तो! तीन तीन गडी अंगावर घेऊन मध्यरेषेला हात लावायचा. दिघीच्या चौकात पोरांनी फ्लेक्स लावला, त्यात त्याचा फोटो एवढासा आणि लावणाऱ्यांचे हे एवढाले. संघानं सांगितलं, पुढचा हंगाम तुझा. वय होतं एकोणतीस. चढाईपटूच्या आयुष्यात असा हंगाम एकदाच येतो, तोही आला तर.

आणि त्याच उन्हाळ्यात लढाई आली.

तो सुट्टीवर घरी होता. मे महिन्यात सुट्ट्या रद्द झाल्याचा फोन आला, त्यानं तासाभरात बॅग भरली. वर्षाली तेव्हा चाकणला, वायरिंगच्या कंपनीत लाइनवर. सुपरवायझरच्या हातापाया पडून ती निघाली, पण चाकण चौकातल्या ट्रॅफिकनं दावा साधला. घरी पोचली तेव्हा तो गेलेला. ताट धुऊन पालथं घातलेलं, आणि दारात त्याचे मॅटवर घालायचे बूट तसेच. "बूट ऱ्हाऊ दे म्हनला," सुभद्राबाई म्हणाली. "आठ दिसात येतो म्हनला."

लढाई चार दिवसांची. टीव्हीवाले तसं सांगतात, त्यांचं बरोबरच असेल. सीमेजवळच्या एका चौकीवर तोफेचा गोळा पडला आणि त्याचा एक तुकडा गणराजच्या बरगड्यांतून आत गेला. जीव वाचला. उजवं फुप्फुस अर्धं काढावं लागलं. पुढं सगळीकडं शांतता झाली, लोक पेढे वाटून मोकळे झाले. दिघीतल्या त्या दोन खोल्यांत मात्र लढाई अजून चालूच होती.

जुलैमध्ये तो घरी आला. एवढा थोरला गडी, पण जिन्याच्या मधल्या वळणावर थांबला आणि उगाच खालच्यांच्या कुंड्या बघत उभा राहिला. वर्षालीला कळलं, हा कुंड्या बघत नाहीये. मग सत्कार झाले. सोसायटीनं शाल दिली, मंडळानं शाल दिली, दोन पक्षांनी दोन वेगळ्या दिवशी वेगळ्या रंगाच्या शाली दिल्या. त्या कपाटात ठेवताना सुभद्राबाई म्हणाली, "येवढ्या शाली कशाला दिल्या रं देवा, त्यापरीस त्याला एक धड छाती दिली असती." आणि कपाटाच्या दाराआड तोंड घालून रडली.

हंगाम त्याच्याशिवाय सुरू झाला आणि त्याच्याशिवाय संपायला आला. अफताब त्याच संघात कोपरा राखायचा. भोसरीच्या गॅरेजवाल्यांचा पोरगा, गणराजबरोबर तात्यांच्याच हाताखाली वाढलेला. सामन्यांतून सवड मिळाली की यायचा आणि खेळ सोडून जगातलं सगळं बोलायचा. एक दिवस मात्र तो आला तो दारातूनच ओरडत. "भावा, जानेवारीत पुढच्या हंगामाची निवड चाचणी आहे. संघाचे सर म्हणाले, गणराजला एक चान्स देऊ. फौजी आहे, त्याचा हक्क आहे."

एवढंच हवं होतं गणराजला. डॉक्टरांनी खेळायचं नाव काढू नका म्हणून सांगितलं होतं, मेडिकल बोर्डात फौजेची नोकरी राहणार की जाणार ह्याचाही पत्ता नव्हता. त्याला त्याचं काही पडलेलं नव्हतं. एकदा मॅटवर उभं राहायचं, एका दमात पलीकडं जाऊन परत यायचं आणि सांगायचं की मी आहे अजून. दवाखान्यानं तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं, श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. एक उचलली जायची, दुसरी नुसती थरथरायची. त्या संध्याकाळी त्यानं ते यंत्र माळ्यावर फेकलं आणि दारात जाऊन बसला.

"यंत्रं नकोत नि आकडे नकोत. दवाखान्यात लई आकडे झाले," तो म्हणाला. "वर्षे, भाकरी टाक."

तिनं टाकली. त्यानं डोळे मिटून सुरुवात केली. आवाज तोच होता, तोच खर्ज. पण भाकरीवरचं पाणी अजून चकचकत होतं, तेवढ्यात आवाज फाटला आणि खोकल्याची उबळ आली. दुसऱ्या भाकरीला तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पंधरवडा झाला तरी तेच. दिघीच्या लष्करी हद्दीतून कधीमधी स्फोटाचा आवाज येतो, इथं त्याला कुणी मान वर करून बघत नाही, गणराजही बघायचा नाही. बाहेरच्या कशानं त्याचा दम तुटत नव्हता. तो आतूनच संपत होता.

एक दिवस खोकला थांबल्यावर तो भिंतीला डोकं टेकून बसला. तसाच म्हणाला, "सोडून देऊ का गं?"

रडला असता तर बरं झालं असतं. रडला नाही. वर्षालीनं नवऱ्याचं असं तोंड कधी पाहिलं नव्हतं. दवाखान्यात नळ्या लावलेल्या असतानाही नाही. "सोडायचं काय त्यात?" ती म्हणाली खरी, पण तिचाच आवाज तिला खोटा वाटला.

दुसऱ्या दिवशी ज्वारीचं पीठ संपत आलेलं. दळण गिरणीत पडून होतं, ओव्हरटाइममुळं आणायचं राहिलं. तळाशी उरलेल्या पिठाची शेवटची भाकरी झाली ती वाटीच्या तोंडाएवढी म्हणा ना, आणि पातळ. तिनं ती तापलेल्या तव्यावर टाकली, पाण्याचा हात जेमतेम फिरवला. पाणी बघता बघता सुकलं. उलटली. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "उलटली."

आणि गणराजचं कबड्डी कबड्डी तोवर चालू होतं.

त्यानं डोळे उघडले. "काय म्हणालीस?"

"उलटली."

"खरंच?"

"हो, उलटली की."

तो उठला, दोन ढांगांत आईकडं गेला. "आई, पोचलो! आज पोचलो!" सुभद्राबाईला काही कळलं नाही, पण पोरगा हसतोय म्हटल्यावर तीही हसली. मे महिन्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. वर्षाली ओट्याला टेकून उभी राहिली. तिला तेव्हाच सांगता आलं असतं. अहो, भाकरी लहान होती. चार शब्द. पण त्याचं ते हसरं तोंड बघितलं आणि चारही शब्द गिळून तिनं गॅस बंद केला.

त्यानंतर तिनं जे केलं, ते कुणी शहाण्या बाईनं केलं नसतं असं तुम्ही म्हणाल. म्हणा. त्याचं तोंड तुम्ही पाहिलेलं नाही. दळण आलं, डबा भरला, तरी भाकरी लहानच राहिली. तवा आधीच कडक तापवायचा, पीठ मुठीत मावेल एवढं घ्यायचं, पाणी नावाला लावायचं. नुसतं तोंडानं ‘उलटली’ म्हणणं तिला जमलं नसतं, उलथन्याचा आवाज त्याला पाठ होता. तोंडानं खोटं बोलता येत नाही अशी बाई ती. हातानं मात्र रोज बोलत राहिली.

तिच्या मनात असं होतं, की हळूहळू पीठ वाढवत न्यायचं. आज चिमूटभर, उद्या चिमूटभर. उमेद आली की दमही येईल मागोमाग, आणि जानेवारीपर्यंत भाकरी परत काठाला भिडेल. तिनं वाढवूनही पाहिलं. ज्या दिवशी जरा जाड झाली, त्या दिवशी त्याचा आवाज मधेच फाटला आणि त्याचं तोंड पुन्हा तसंच झालं. दुसऱ्या दिवशी ती परत लहान. तो तेवढा वेळ डोळे मिटून बसलेला असायचा, आणि जेवायला वाढताना ती भाकरी आमटीत कुस्करूनच द्यायची. "तुम्ही मेहनत करताय, मऊ खा," म्हणायची. तो बिचारा खायचा.

सुभद्राबाईच्या नजरेतून सुटलं नाही. म्हातारीनं एक दिवस भाकरी बोटावर तोलली. "वर्षा, भाकर हाय का पापड? तुझ्या म्हायेरी दुष्काळ पडला का काय?"

"पीठ बरं नाही आलं, आई."

"पीठ बरं न्हाई व्हय," सुभद्राबाई म्हणाली आणि सुनेच्या तोंडाकडं बघत राहिली. मग मुकाट्यानं दोनाऐवजी तीन भाकऱ्या खायला लागली.

डिसेंबरात एकदा दत्तोबा तात्या आले. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकायच्या आवाजात जन्म गेलेला माणूस, कानानं अर्धा बहिरा, पण मैदानावर कुणाचा दम कुठं तुटला ते ओठ बघून सांगायचा. "दमाचं काय?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"भाकरी होतेय, तात्या. रोज."

तात्यांना हे माप ठाऊक होतं. ह्या घरची जाड भाकरी त्यांनी अनेकदा खाल्ली होती. त्यांचे डोळे पाणावले. "मग काय, झालं तर! चढाईला आणखी काय लागतं? मी सरांना सांगतो, पोरगा तयार आहे." वर्षाली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रे तिथंच ठेवून ती आत निघून गेली.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तिनं ठरवलं होतं की आज सांगायचंच. काहीही होवो. ती त्याच्यासमोर जाऊन बसलीसुद्धा. तो दारातले बूट पुसत होता, तेच, मे महिन्यापासून तिथंच पडलेले. "अहो," ती म्हणाली, "एक बोलायचं होतं."

"मलापण," तो म्हणाला. मान वर न करता म्हणाला, त्याला असलं बोलायला जमायचं नाही. "त्या दिवशी मी सोडलंच होतं. तू भाकरी टाकत राहिलीस म्हणून उभा राहिलो. उद्या काहीही होऊ दे, हे तुझं आहे." मग वर बघितलं. "तुझं काय होतं?"

"काही नाही," वर्षाली म्हणाली. "उद्या मीपण येते. गुरुवारच आहे."

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. अफताबनं गॅरेजमधली एक गाडी आणली होती, तात्या पुढं बसले. चाकणच्या पुढं एका मोठ्या शेडमध्ये मॅट टाकली होती. कडेनं खुर्च्या, संघाचे सर, डॉक्टर, दोन कॅमेरेवाले. गणराज मॅटवर आला तेव्हा सगळी शेड टाळ्या वाजवायला लागली. नवीन पोरं पाया पडून गेली. वर्षाली कडेच्या खुर्चीत बसली.

पहिल्या चढाईत तो नुसता बोनस रेषेपलीकडं पाय टेकवून आला. झटकन गेला, झटकन आला. दुसऱ्या चढाईत एका पोराला हात लावून पळाला. पायांत वीज होती, ती कुठं गेलीच नव्हती. तात्या खुर्चीच्या हातावर मूठ आपटून म्हणाले, "बघा! बघा म्हणावं!" क्षणभर वर्षालीलाही वाटलं, होईल. देवा, माझ्या पापासकट होईल.

तिसरी चढाई. तो खोल गेला. अफताब कोपऱ्यात होता. दोस्ती दाराबाहेर ठेवून खेळणारा गडी, गणराजला फुकटची दया खपणार नाही हे त्यालाच सगळ्यात जास्त माहीत. त्यानं झेप घेऊन घोटा धरला. मागून दोघं अंगावर पडले. गणराज आडवा झाला आणि तसाच, तिघांना ओढत, मध्यरेषेकडं सरकायला लागला. ऐकू येत होतं ते फक्त कबड्डी कबड्डी कबड्डी.

वर्षालीनं डोळे मिटून घेतले. मनातल्या मनात तिनं तवा ठेवला, भाकरी टाकली, पाणी फिरवलं. तिची नव्या पद्धतीची भाकरी केव्हाच उलटून झाली. मॅटवर आवाज चालू होता, पण तो आता फाटायला लागला होता, आणि जाड भाकरीवर अजून कितीतरी पाणी होतं. सुकेना. सुकतच नव्हतं. तिनं डोळे उघडले. गणराजचा हात पुढं ताणलेला, बोटं आणि रेषा ह्यांत वीतभर अंतर. तोंड उघडं होतं. आवाज नव्हता.

पंचानं शिट्टी मारली. दम तुटला होता.

वर्षाली त्या वीतभर अंतराकडं बघत राहिली. ते कशाचं आहे, हे त्या शेडमध्ये तिला एकटीला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी मूठ मूठ पीठ तिनंच काढून घेतलं होतं.

अफताबनं घोटा सोडला आणि तोंड फिरवलं. गणराजला उठवून बसवलं, तर ओठ निळे पडलेले, खोकल्यानं सगळं अंग हलत होतं. डॉक्टरांनी छाती तपासली, सरांकडं बघून मान हलवली. सर उकिडवे बसले. चांगले होते ते, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. "गणराज, पायांत तुझ्या अजून हंगाम आहे. पण छाती नाही साथ देत. परत असं केलंस तर जिवावर बेतेल. थांब आता."

"सर, घरी पुरत होता," गणराज म्हणाला. दोन शब्दांमधे श्वास घेत म्हणाला. "आईशपथ, घरी पुरत होता. रोज. हिला विचारा ना." आणि त्यानं वर्षालीकडं बघितलं.

सगळ्यांनी बघितलं. सर, डॉक्टर, नवी पोरं, कॅमेरेवाले. सगळ्यांच्या देखत ती त्याला उघडा पाडू शकली नाही. तिनं मान हलवली. हो. रोज पुरत होता. तात्या तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले, आणि मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून शर्टाला पुसायला घेतला.

मग पाचवी शाल आली. ती पिशवीत आधीपासून आणून ठेवलेली होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. गणराज फोटोत हसला. त्याला हसताना बघून वर्षालीला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

संध्याकाळी गाडी परत दिघीत आली. सुभद्राबाईनं दार उघडलं, पोराचं तोंड बघितलं आणि बाजूला झाली. गणराज त्याच्या जागी, स्वयंपाकघराच्या दारात, भिंतीला पाठ लावून बसला. बसायला दुसरी जागा सुचली नसेल. शाल अजून खांद्यावरच होती.

वर्षालीनं परात घेतली. डब्यातून पीठ काढलं ते दोन्ही हातांची ओंजळ भरून. मळलं, गोळा केला, थापायला घेतला. भाकरी वाढत वाढत परातीच्या कडेला भिडली. तिनं ती दोन्ही हातांवर उचलली, तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात भरपूर फिरवला. पहिल्यासारखी, काठाला काठ.

आज त्याचे डोळे मिटलेले नव्हते. तो तव्याकडं बघत होता.

"एवढी मोठी?" त्यानं विचारलं.

"अशीच असते," ती म्हणाली. पाठ फिरवूनच म्हणाली. "पहिल्यापासून अशीच. मधे मी लहान केली होती."

बाहेर कंपनीची बस हॉर्न वाजवत गेली. तिनं वळून बघितलं. तो हिशेब लावत नव्हता, रागावलाही नव्हता. उलगडत होत्या त्याला, एकेक करून, त्या सगळ्या संध्याकाळी.

"कधीपासून?"

"तुम्ही पोचलो म्हणालात ना, त्या दिवसापासून. त्या दिवशी पीठ संपलं होतं. मी मुद्दाम नव्हतं केलं. मग तुम्ही हसलात." तिचा आवाज फुटला. "मला ते तुमचं तोंड बघवत नव्हतं हो. पीठ वाढवीन म्हटलं, हळूहळू वाढवीन. नाही वाढवता आलं. माझंच चुकलं. मारा मला हवं तर."

"म्हणजे," गणराज म्हणाला, आणि थांबला. श्वास घेतला. "म्हणजे मी एकदाही पोचलो नव्हतो."

वर्षालीनं मान हलवली. ह्या वेळी खरी हलवली. "नाही."

ती तव्याकडं तोंड करून उभी राहिली आणि वाट बघायला लागली. कशाची, ते तिचं तिलाही कळलं नाही. इतक्या वर्षांची सवय, त्याच्या आवाजावर उलटायची. तो नसताना मनात चालायचा, तो आवाजही आज कुठं सापडेना. पाणी सुकलं, भाकरीला तडे गेले, कडा काळी पडायला लागली, घरभर करपट वास झाला, तरी हात हलेना.

"आगं, जळतंय काय?" सुभद्राबाई बाहेरून ओरडली.

"उलट," गणराज म्हणाला.

तिनं उलटली. खालची बाजू कोळसा झाली होती. ती काढून टाकायला गेली, तर त्यानं हात पुढं केला. "दे इकडं." खांद्यावरची शाल काढून बाजूला ठेवली, ती करपलेली भाकरी दोन्ही हातांनी घेतली आणि आमटी नाही, मीठ नाही, तशीच मोडून खायला लागला. तुकडा तोंडात धरून म्हणाला, "एवढे दिवस उपाशी ठेवलंस की गं." हसायला गेला, आणि मे महिन्यापासून जे रडला नव्हता ते सगळं त्या घासाबरोबर बाहेर आलं. वर्षाली त्याच्याजवळ जमिनीवर बसली. पिठाचे हात कुठं ठेवावेत कळेना म्हणून तिनं ते त्याच्या पाठीवर ठेवले. खोकला येत होता आणि रडूही, कुठलं काय ते निराळं करता येत नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "आईला भूक लागली असेल," तो म्हणाला. "दुसरी टाक. मोठीच टाक."

ती उठली. तेवढीच मोठी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि उलथनं हातात धरून उभी राहिली. गणराजही उठून ओट्याशी आला. इतक्या वर्षांत डोळे उघडे ठेवून भाकरी त्यानं कधी बघितलीच नव्हती. दोघं शेजारी उभे राहून पाणी सुकताना बघत राहिले. घरात काही आवाज नव्हता.

"आता," तो म्हणाला.

तिनं भाकरी उलटली.